सातवा रकाना

ठाण्यात वीस वर्षं मी
परकीय नागरिकांचं रजिस्टर लिहिलं.
परकीय म्हणजे डोल्कर,
जिच्या वाडीतला मका माझ्या पोरांनी चोरला
तर तिनं वरून तिखटमीठ दिलं होतं.

नाव. बापाचं नाव. अंगावरची खूण.
खूण म्हटली की ती पोटरी पुढे करायची:
धानाच्या बांधीतला विळा, सत्त्याण्णव साल.
पहाडातली एकही जखम नव्हती तिच्याजवळ.
सगळ्या गोठणगावच्या.

रकाना सातवा: परत जाण्याची अपेक्षित तारीख.
एकदा म्हणाली,
"धान निंगाल्यावर लिवा, साहेब."
मी 'लागू नाही' लिहायचो.
वरून पत्र आलं, 'लागू नाही' चालणार नाही.
मग नुसती रेघ मारायचो.

औंदा उन्हाळ्यात तिची नात आली, यांगझोम.
चप्पल बाहेर काढून उभी राहिली.
"आजी गेली जी. कार्ड जमा कराले आली."
कार्डाची मुदत अजून अकरा महिने होती.
तिला पावती पाहिजे होती.
तसा छापील नमुना आमच्याकडे नाही.

रजिस्टर काढलं.
रेघेवरच तारीख टाकली, मंगळवारची.
कुठे गेली, हे कोणी विचारलेलं नाही.

मग पोरीनं ओढणीच्या गाठीतून
स्वतःचं कार्ड सोडवलं.
"आलीच हाव तं माह्यंबी नवं करून द्या."

जन्मस्थान: गोठणगाव,
तालुका अर्जुनी मोरगाव.
खूण: नाही.

सहा रकाने झाले.
पंखा फिरत होता, पान उडू नये म्हणून
तिनं त्यावर बोट ठेवलं.