वर आला

ट्विलिंगेटच्या ग्रंथालयात, गुरुवारी संध्याकाळी,
मिस कीपिंगने व्हर्ना हाइन्सच्या वहीतल्या
दोन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढला.
‘मग देवमासा वर आला.’
वर तर बटाटेही येतात, व्हर्ना, ती म्हणाली. जोर आण.
आणि फळ्यावर लिहून दिलं:
बर्स्ट. इरप्ट. एक्स्प्लोड. आऊट ऑफ द ब्लू.

व्हर्नाने ते शब्द घरी नेले,
ओल्या हातमोज्यांसारखे शेगडीशेजारी मांडले.

बर्स्ट म्हणजे जानेवारीत सिंकखालचा पाइप
आणि लिअँडरची शिवी.
एक्स्प्लोड म्हणजे मासळी-कारखान्याचा बॉयलर;
क्लॅरेन्स पार्डी अजून उजव्याच कानाने ऐकतो.
इरप्ट?
दातांचा डॉक्टर म्हणतो तसं, नातवाच्या दाढेबद्दल.
ती तर महिनाभर येतेच आहे,
रात्री पोर गाल धरून बसतं.
आऊट ऑफ द ब्लू. पण त्या दिवशी
निळं काहीच नव्हतं.
सगळं राखाडी, आभाळाची नि पाण्याची
शिवणसुद्धा दिसत नव्हती.

उरला दर्यावर्दींचा शब्द, ब्रीच.
लिहायला वेगळा, पण कानाला तोच
जो सुईणपणात चाळीस वर्षं तिने ऐकला,
ऐकून बाह्या वर सारल्या.
मेरी जेनचं दुसरं, पाय पुढे, जांभळं,
आणि खोलीतल्या चारही बायका
श्वास घ्यायच्या विसरलेल्या.
पायाळू, म्हणालो असतो आपण;
पायाळूला जमिनीखालचं धन दिसतं म्हणतात.
व्हर्नाला हे कोणी सांगितलेलं नाही.
तिला फक्त आठवतं
की रडण्याच्या आधी घड्याळ ऐकू आलं होतं.

रात्री अकराला तिने वही उघडली.
जुन्या ओळीच्या वर, जागा होती तेवढ्यात,
बारीक अक्षरात घातलं:
‘इंजिन बंद केलं. लिअँडर चहा ओतत होता.
पक्षी उठून गेले, का ते कळलं नाही.
होडीशेजारचं पाणी गुळगुळीत झालं,
इस्त्री फिरवल्यासारखं,
आमच्या स्वयंपाकघराएवढं.
लिअँडर म्हणाला, साखर —’

आणि खाली, पेन्सिलीच्या गोलात,
तेच दोन शब्द.

तिने गोल खोडला नाही.
चष्मा काढला, पुन्हा घातला,
आणि ‘साखर’पुढची रेघ
जराशी लांब केली.