एक वीत

नऊ गाण्यांना अकरा अमावास्या लागल्या.
खासबागात इरव्वाच्या शेडातले बारा माग
त्या एकाच रात्री गप्प असतात,
आणि वरची खोली,
जिथं फुटके धोटे, रिकाम्या कांड्यांची पोती
आणि तिच्या नवऱ्याची सायकल राहते,
ती तेवढ्याच रात्री आमची.

भिंतींना वाकळा बांधल्या. दारामागं घोंगडं.
आल्विननं माइक सायकलच्या हँडलला अडकवला,
स्टँडचे पैसे केबलमध्ये गेले होते.
दिवसा तो कॅम्पात बेकरीत बटर भाजतो,
बसलिंग उद्यमबागेत फौंड्रीत साचे भरतो,
मी शहापुरात गिऱ्हाइकांनी विसकटलेल्या साड्या
पुन्हा घडीवर आणते.
दादापीरची रिक्षा. तो सगळ्यांआधी यायचा
आणि ड्रमवर डोकं ठेवून
सगळ्यांआधी झोपायचा.

‘पुन्हा’ म्हणायला आमच्यात एकच शब्द होता: इन्नोम्मे.
मी मराठीत भांडताना इन्नोम्मे,
आल्विन कोकणीत शिव्या देऊन झाल्यावर इन्नोम्मे.
पहाटे तीनच्या पुढं
त्या शब्दाची नुसती जांभई उरायची.

तिसऱ्या गाण्यावर बिनसलं.
बसलिंग म्हणाला, तुझ्या ओळीत माणसं दाटलीत,
श्वास कुठं उभा करू?
मी म्हणाले, तुझी गिटार आधी थंड होऊ दे,
भट्टीतनं आत्ताच काढल्यासारखी वाजतीय.
दोन अमावास्या आम्ही बोललो नाही.
आल्विन याचं तिला, तिचं याला सांगत राहिला,
त्यातलं निम्मं स्वतःच्या मनाचं.
दुसरं कडवं त्या थापांचं आहे.
ते चांगलं झालंय, हे आम्ही
आल्विनला अजून कळू दिलेलं नाही.

आणि सातवं.
सातवं बसेचना.
सतरा वेळा वाजवलं, सतरा वेळा मधेच
ताल पायरी चुकल्यासारखा खाली जायचा.
दादापीरनं काठ्या खाली ठेवल्या.
‘आवाजच नाही गा हितं,’ म्हणाला,
‘कशाला धरून वाजवू?’
मग आठवलं, याच शेडात त्याचा बाप विणायचा.
चौथ्या मागाच्या खांबाला याची झोळी बांधलेली असायची.
शांततेत झोपायला
हा पोरगा विसाव्या वर्षी शिकला.

इरव्वा चहाचं भांडं घेऊन दारात उभी होती.
किती वेळ, माहीत नाही.
अमावास्येला यंत्राला हात लावत नाहीत.
हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत.
भांडं खाली ठेवून ती जिना उतरली,
खाली एक बल्ब लागला,
आणि फळ्यांच्या फटीतनं
एकट्या मागाचं खटक् खटक् वर आलं,
पायांतनं, सायकलच्या चाकांतनं,
माइकच्या तारेतनं.
दादापीरनं डोळे उघडले नाहीत.
काठ्या तेवढ्या उचलल्या.

चार मिनिटं अकरा सेकंद. एकदाच.
गाणं संपल्यावर माग थांबला
आणि खाली रुळावर
हिरव्या सुताचं वीतभर कापड तयार होतं.
एका जागी आडवा धागा तुटलेला.
तिथंच माझा आवाज फाटलाय. योगायोग असेल.
बसलिंगला तसं वाटत नाही,
पण त्याला भट्टीच्या राखेतही अर्थ दिसतात.

गाणी चढवताना मोबाइलवर एक रकाना आला: भाषा.
एकच निवडा.
रिकामा ठेवला तर पुढं जाईना.
आम्ही चौघं टपरीवर तासभर त्या रकान्याकडं बघत बसलो,
चहावाल्यानंही दोन सूचना केल्या.
शेवटी दादापीरनं डोळे मिटून बोट टेकवलं.
कशावर पडलं ते तो सांगत नाही,
आणि आम्हीही उघडून बघितलेलं नाही.

लोक विचारतात, नवीन गाणी कशी झाली.
आठ बरी झाली.
सातव्याबद्दल अजून आम्हाला बोलता येत नाही.

परवा इरव्वाला विचारलं,
तो वीतभर तुकडा कुठाय?
जपून ठेवला असेल असं वाटलं होतं.
चुलीकडं हनुवटी करत म्हणाली,
‘भांडं उतरवायला घेतलंय की त्येला.
बरा हाय. हात भाजत न्हाई.’