मंद आच म्हणजे किती

ग्रिम्स्बीच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
आमचं जुन्या वस्तूंचं दुकान, नफा सगळा दवाखान्याला.
मी मंगळवारची. पुस्तकांचं कपाट माझ्याकडे.
जानेवारीत, नाताळच्या भेटी नकोशा झाल्या की
शेफमंडळी पिशव्या भरभरून येतात.
कोरी करकरीत. पाठ न मोडलेली.
मुखपृष्ठावर तागाचा सदरा, बाह्या दुमडलेल्या,
दात नुकत्याच विसळलेल्या बश्यांसारखे.

"ह्याला कुणी भांडी घासताना पाहिलंय?"
विनिफ्रेड विचारते,
किमतीची चिठ्ठी थेट त्याच्या कपाळावर डकवत.
"कांदा म्हणे पाच मिनिटांत सोनेरी!
पाच मिनिटांत माझा कांदा नुसता विचारात पडतो."
हिल्डा पडद्यांना इस्त्री करत असते. बऱ्याच वेळाने म्हणते,
"मूठभर लिहितो. मूठ कुणाची?
माझा नवरा ट्रॉलरवर होता,
त्याच्या मुठीत आख्खा कोबी मावायचा."
तेवीस जिन्नस. त्यातले नऊ लंडनला मिळतात.
मीठ चवीपुरतं.
चव कुणाची, ते सांगत नाही.
"आम्ही जन्मभर अंदाजपंचे शिजवलं,
कुणी मेलं नाही," विनिफ्रेड म्हणते.

मी ह्यात फारसं बोलत नाही.
रविवारी रात्री मी त्याला बघते, टीव्हीवर,
आवाज बंद करून.
कुणीतरी कुणासाठी तरी लोणी वितळवतंय,
एवढं पुरतं.

त्या ढिगात एक वेगळं निघालं.
फेअरक्लॉचंच, पण फुगलेलं, चिकटपट्टीने बांधलेलं.
पान एकशेबारा लोणी पिऊन इतकं पारदर्शक
की मागच्या पानावरचा मासा ह्या पानात पोहत होता.
समासात पेन्सिल:
खोटं. चाळीस मिनिटं.
वाइन नव्हती, सायडर घातली. तुझ्यापेक्षा बरी.
पुन्हा क्रीम? तुझं हृदय तुझ्यापाशी.
रे.ला आवडलं नाही. पण खाल्लं.
आणि एका पानावर, तारीख घालून, फक्त:
बरोबर आहेस.

मी ते कपाटात लावलं नाही. गल्ल्याखाली ठेवलं,
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मार्चमध्ये तो आला. रेमंड. टोपी काढली नाही.
मुलीने आवरताना चुकून दिलं, म्हणाला.
मी पुस्तक वर ठेवलं तसा
त्याने मुखपृष्ठावरच्या माणसाकडे पाहिलं,
उसनं घेऊन बुडवलेल्या शेजाऱ्याकडे पाहावं तसं.
"अकरा वर्षं ती ह्याच्याशी भांडत होती.
माझ्यावर कधी आवाज चढवला नाही.
मला वाटायचं, आमचं बरं चाललंय."

दोन पौंड. मी नको म्हटलं. त्याने मोजून ठेवले.
मग एकशेबारा उघडून बोट टेकवलं.
"मंद आचेवर, लिहिलंय.
मंद म्हणजे किती?"
त्या ओळीशेजारी समास कोरा होता.
जे तिला येत होतं
ते तिने लिहिलं नव्हतं.

"निळी ज्योत, नखाएवढी," विनिफ्रेड म्हणाली.
"नखाएवढीवर उद्या शिजेल," हिल्डाने इस्त्री उभी केली.
"एक बुडबुडा येतो. थांबतो. मग दुसरा. तेवढी."
छत्री बघायला आलेली एक बाई म्हणाली,
तिची शेगडी विजेची आहे, दोन आणि तीनच्या मध्ये.
"विजेवर मासा!"
झालं. छत्री राहिली बाजूला,
मागच्या खोलीतून आणखी एक मत आलं, झाकण ठेवण्याबद्दल.

त्याने पेन्सिल मागितली.
गल्ल्याची पेन्सिल दोरीला बांधलेली, दोरी पुरेना,
मग पुस्तकच ओढून जवळ घेतलं
आणि वाकून काहीतरी लिहिलं, तिरपं,
मोठ्या अक्षरात, पावती लिहावी तसं.
कुणाचं लिहिलं, मला दिसलं नाही.
बसची वेळ झाली होती. तो गेला.

विनिफ्रेड अजून म्हणते, नखाएवढी.