बर्फावरचा रस्ता

फेब्रुवारीत समुद्र गोठतो,
आणि हीउमा बेटापर्यंत सरकार त्यावरून रस्ता जाहीर करतं.
काठावरच्या फलकावर नियम आहेत:
सीटबेल्ट काढून बसा. वाटेत थांबू नका.
वेग पंचवीसच्या आत, नाहीतर चाळीसच्या वर,
मधल्या वेगानं खालचं पाणी हेलकावतं
आणि बर्फ तडकतं.

हेल्दुर रोज पहाटे गिरमिटानं भोकं पाडतो,
वहीत जाडी लिहितो.
आज सत्तावीस सेंटिमीटर.
आज त्याच्या गाडीत मागे त्याची आई, साल्मे,
पाइनच्या पेटीत, दोन दोरांनी आवळलेली,
आणि पुढे मी,
काळा झगा मांडीवर घडी करून.

"तिची इच्छा म्हणून तुम्हाला न्यायला आलो, पाळकबाई.
माझं त्यात काही नाही."
ठाऊक होतं मला.
माझ्या उपासनेला रविवारी नऊ माणसं येतात,
थंडी असली तर सहा.
त्यांत हा कधीच नव्हता.

"मी मोजून गाडी घालतो. तुम्ही काय मोजलंत?"

तयार उत्तर होतं माझ्याकडे,
न मोजता टाकलेलं पाऊल वगैरे.
ओठांपर्यंत आलं ते, आणि गिळलं.
हातभर मागे पेटी असताना
तसलं बोलणं बरं दिसत नाही.

खालून बर्फ कण्हलं, लांबवर, म्हाताऱ्या माणसासारखं.

"एक विचारू? चर्चमध्ये नव्हे,
घरी, दार लावून घेतल्यावर,
बोलता का त्याच्याशी?"

बेल्ट सुटलेला, दार नुसतं लोटलेलं,
पायाखाली समुद्र.
अशा जागी खोटं बोलवत नाही.

"नाही," मी म्हणाले. "मार्या गेली तेव्हापासून नाही.
सहा वर्षांची होती. अकरा वर्षं झाली.
लग्नं लावते, बाप्तिस्मा देते, माती लोटते,
पुस्तकातलं सगळं म्हणते,
पण माझं म्हणून एक अक्षर नाही.
अबोला आहे आमचा."

रस्त्याच्या कडेला रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या
मागे जात राहिल्या, वीस, पंचवीस.

"गंमत आहे," हेल्दुर म्हणाला,
"मीही त्याच्याशी बोलत नाही. जन्मात बोललेलो नाही.
पण मी त्याला अबोला म्हणत नाही."

जिंकल्यासारखं नाही म्हणाला.
वहीतला आकडा वाचावा तसं म्हणाला.

मी खिडकीकडे तोंड केलं.
पांढरं, त्यापलीकडे पांढरं.
रिकाम्या घरात कोणी रुसून बसत नाही.
रुसलेल्याचा एक कान दाराकडे असतोच,
आणि माझा,
अकरा वर्षं…

आभार मानले असते तर तो ओशाळला असता.
म्हणून म्हटलं, "काट्याकडे बघ, तीस झालाय."
त्यानं एक कचकचीत शिवी हासडली,
मग मागे वळून हळूच म्हणाला, "माफ कर, आई,"
आणि वेग वाढवला.

मी त्यावर बोट ठेवलं नाही.
एका दिवसात दोघांच्याही तळाशी गिरमिट घालू नये.

दफनभूमीत आदल्या रात्री शेकोटी पेटवून
जमीन मऊ करून ठेवली होती.
सहा जणांनी स्तोत्र म्हटलं.
हेल्दुर टोपी हातात घेऊन उभा, ओठ घट्ट मिटलेले.
फावडं मात्र त्यानं दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

रात्री घरी आले. दार लावलं.
कोट न काढता शेगडीपाशी उभी राहिले.
चांगले शब्द आठवेनात.
पहिलं वाक्य निघालं ते भांडणाचंच:
"तिचे लाल बूट अजून माझ्या कपाटात आहेत.
तुला ठाऊक होतं ना?"

उत्तर आलं असं मी म्हणणार नाही.
शेगडीत लाकूड ढासळलं, ते लाकूडच होतं.
पण माझा आवाज कुठेतरी पोचत होता,
भिंतीवरून परत येत नव्हता.
किती सेंटिमीटर, ते विचारू नका.
वाटेत थांबायचं नसतं एवढं आठवलं,
आणि मी बोलत गेले.