वीस फेरे डावीकडे

पहाटे पावणेचारला मी धनकवडीत भरती आणतो.
खांद्यावर लोखंडी चावी, माझ्या छातीइतकी उंच.
गल्लीच्या तोंडाशी झाकण सरकवायचं;
आत चिखल, झुरळं, कुणाच्या तरी पोराचा चेंडू,
आणि वीस फेरे डावीकडे.
अकराव्या फेऱ्याला पाइप घसा खाकरतो.
मग तिसऱ्या मजल्यावर एक बादली सरकते,
कुणाची तरी मोटार लागते,
आणि आख्खी गल्ली झोपेतच भरू लागते.

काजरवेळीला हे काम कुणाकडेच नव्हतं.
एक्केचाळीस उंबरे, एक जेट्टी, तीही अर्धी,
आणि पाणी आपल्या पायांनी यायचं.
बाबा बोटांवर मोजायचे : तिथीची पाऊणपट.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा,
एकादशीला सव्वाआठ.
वर्गात पाऊणकी मला एकट्याला यायची.
गुरुजींना वाटायचं, पोरगं हुशार आहे.
मी तर फक्त होडी कधी तरंगेल ते सांगत होतो.

इथे परचुरे काकू संकष्टीला गच्चीवर चंद्र शोधतात.
मी खालून मनात म्हणतो, तीनला भरलं असेल.
त्या कठड्यावरून विचारतात,
"अहो चावीवाले, उद्या आहे का?"
उद्या गुरुवार. उद्या नाही.
समुद्राने असा वार कधी पाळला नाही.
पावसाळ्यात बंदी असायची, नारळी पौर्णिमेपर्यंत,
पण ती आम्हाला. त्याला नाही.

फडतरे साहेब फोनवर ओरडतात :
दाब कमी, शेवटच्या घराला पोचत नाही, तक्रार आलीय.
आमचंही घर शेवटचंच.
पाणी आधी आमच्याकडे यायचं,
पायरी हुंगायचं, परत जायचं.
आणि पायरीपासून साठ पावलांवर विहीर,
गोडी.
बाहेरगावचे लोक ओंजळीने पिऊन हसायचे,
खोटंच वाटायचं त्यांना.

मागच्या महिन्यात आईचा फोन.
"चाय फाटता रे. दूध दोनदा बदललंय, तरी फाटता.
त्या डेअरीवाल्याक नको नको ता बोललंय.
मगे विहिरीचा पाणी चाखलंय."
पुढे बराच वेळ काही नाही.
मागे टीव्ही चालू होता, कसली तरी जाहिरात.
आता सोमवारी आणि शुक्रवारी टँकर येतो,
देवळापर्यंतच, पुढे रस्ता अरुंद.
आई हंडा घेऊन समुद्राकडे पाठ करून चालते.
"तू पाण्याच्याच कामाक ना?
सांग मा सायबाक, थोडा सोडूक हंयसर."
ती हसली. मीही हसलो.
तिने फोन ठेवला, मग मी.

आठ वाजता वीस फेरे उजवीकडे.
शेवटचे दोन जड जातात, अंगाचा भार टाकावा लागतो.
चावीच्या दांड्याला कान लावला
तर आत काहीतरी लांब जात असल्याचा आवाज येतो.
आज तो चेंडू काढला,
परचुऱ्यांच्या कठड्यावर वाळत ठेवला.

त्रयोदशी आहे. पावणेदहा.
टपरीवर कटिंग घेतला, दाट, वर साय,
मुळीच फाटला नाही.
या वेळी आमच्या पायरीवर पाणी टेकलं असेल,
आणि वाळूच्या खालून, कुणाला न विचारता,
विहिरीत शिरत असेल.
ती चावी कुठल्या झाकणाखाली आहे
मला माहीत नाही.