चावीवाला

शाहू स्टेडियमच्या लाऊडस्पीकरवरनं
अकरा वर्षांत एकदाही माझं नाव नीट आलं नाही.
विश्वंभर साळोखेचा विश्वनाथ झाला, विष्णू झाला,
एकदा तर नुसताच "आणि आठ नंबर".
पिंपळकट्टा तालमीची पोरं ओरडायची, "ए मधल्या, दे की!"
तेवढंच टिकलं.

मधल्याचं काम सोपं, दस्तगीर सांगायचा,
गोलपोस्टात उभा राहून, तंबाखू थुंकून:
बॉल यायच्या आधी मान वळवून मागं बघायचं.
कोण अंगावर येतंय, कोण मोकळा हाय.
बघितलेलं कुणाला सांगायचं नाही.
नुसता पास द्यायचा.

सवय इतकी लागली
की वैजयंतीला बघायला गेलो तेव्हा
चहाचा कप घ्यायच्या आधी दोनदा मागं वळलो.
तिच्या मामानं विचारलं, "पावणं, कुणाची वाट बघताय?"

मग गोवा. सेकंड डिव्हिजन.
आठ महिन्यांचा करार, पाच महिन्यांचा पगार.
म्हापशात एका खोलीत सहाजण,
त्यातला मिझो पोरगा रात्री आईशी फोनवर कुजबुजायचा.
एक शब्द कळत नव्हता,
पण फोन कधी ठेवणार ते बरोब्बर कळायचं.
मग बंगळूर. मग एक सीझन शिलाँग.
घरची चटणी संपली त्या दिवशी हरलो, चार-शून्य.
पेपरात नाव दोनदा आलं:
एकदा पिवळ्या कार्डासाठी,
एकदा बदली होऊन बाहेर बसलो म्हणून.
आईनं दोन्ही कात्रणं देव्हाऱ्यामागं चिकटवली.
एकूण गोल तीन. त्यातला एक पाठीला लागून गेला.

गुडघा गेला तो मॅचमध्ये नाही.
हुबळीच्या स्टँडवर, बसमधनं उतरताना,
किटची बॅग खांद्यावर आणि पाय खड्ड्यात.
डॉक्टर म्हणाला, चालायला काही अडचण नाही.
चालायला!

आता महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात, रोजंदारीवर.
पहाटे साडेचारला लोखंडी चावी सायकलला बांधून निघतो.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची,
चौदा आटे वरच्या गल्लीला,
नऊ उताराला.
पाणी सुटलं की चपलेतनं तळव्याला कळतं,
मागनं येणारा बॉल कळायचा तसं.

ज्या पेठेनं फायनलला मला आईवरनं शिव्या घातल्या
तिचीही चावी माझ्याकडंच.
"एक आटा कमी फिरव की लेका," दस्तगीर म्हणतो,
"कुणाला कळतंय?"
मी नाही फिरवला.
खोटं कशाला, एकदा फिरवला.
अर्ध्या रस्त्यातनं सायकल वळवून परत आलो.

नळाला पाणी आलं तर चावीवाला कुणाला आठवत नाही.
नाही आलं की गल्लीभर माझा नंबर पाठ.

परवा सहावी-सातवीतलं एक पोरगं
अंधारात भिंतीवर बॉल मारत होतं, एकटंच.
बॉल उलटून पायात यायच्या आधी
त्यानं मान वळवून मागं बघितलं.
रस्त्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.
मी चावी धरून तसाच.
"काका," ते म्हणालं, "पाणी कितीपर्यंत?"
सहापर्यंत, म्हटलं.
अजून दोन आटे राहिले होते.