दाराबाहेरून

वाल्पाराइसोत रस्ते सरळ नसतातच,
त्यामुळं डावं-उजवं इथं कुणी फारसं मनावर घेत नाही.
वर चढ म्हणतात, खाली उतर म्हणतात,
समुद्राकडं तोंड कर म्हणतात, झालं.
मी मात्र तीन रात्री
डाव्या-उजव्याचाच हिशेब मांडून बसलेय.

बाल्तासारचे ड्रम, आठ माइकांनी टिपलेले.
तो स्वतः उत्तरेत, तांब्याच्या खाणीवर,
चौदा दिवस तिथं, सात दिवस इथं.
ठोके तेवढे माझ्याकडं ठेवून गेलाय,
शेजारणीकडं किल्ली ठेवावी तसे.

तोरिबिओ म्हणतो, पसरव.
टॉम या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोळू देत,
झांजा दोन्ही अंगांना, ऐकणारा मधोमध.
आठ माइकांचं भाडं भरलंय, ते दिसू दे.

इथंच घोडं पेंड खातं.
डावं म्हणजे कुणाचं डावं?
स्टुलावर बसलेल्याचं, की समोर उभं असलेल्याचं?
त्यात बाल्तासार डावखुरा,
त्याची हाय-हॅट मुळातच जगाच्या उलट्या बाजूला.
मी त्याच्या जागी बसून पाहिलं,
मग समोर जाऊन पाहिलं.
दोन्हीकडून ड्रम एवढे रुंद
की वाजवणाऱ्याचे हात तीन-तीन मीटर लांब हवेत.

मग बटण दाबलं. मोनो.
किक, स्नेअर, टॉम, झांजा
एकावर एक,
दारामागच्या एकाच खिळ्याला
चौघांचे कोट लटकतात तसे.

गुरुवारी दोन्या एडेल्मिरा आल्या,
त्याच खिळ्यावरचा मुलाचा जाड कोट न्यायला.
रात्रीच्या बसनं धाडायचा होता,
वाळवंटात पहाटे हाडं गोठतात म्हणे.
मी त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं,
पसरलेलं सगळं ऐकवलं.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हात मांडीवर ठेवून.
"छान आहे. किती जण वाजवताहेत?"

कोट घेऊन गेल्या. दार लागलं.
गाणं चालूच होतं.
थोड्या वेळानं मी पाणी आणायला उठले
तर बाई तिथंच, बोळात,
कोट पोटाशी धरून.
"बंद करू नकोस," म्हणाल्या. "आता तो वाजवतोय."

पत्र्याचं घर त्यांचं, टेकडीच्या पोटाला चिकटलेलं.
वर हा, खाली त्या, मध्ये लाकडाच्या फळ्या.
बावीस वर्षं भांडी विसळताना ऐकलंय.
"डावीकडं-उजवीकडं नव्हता गं तो कधी.
वर होता."

मग भुवया आक्रसून:
"पण याला ताप आहे का?
मधला ठोका पोकळ येतोय."

मी त्यांच्याशेजारी उभी राहिले, श्वास रोखून.
खरंच होतं.
दारानं डावं-उजवं एकत्र केलं होतं
आणि वरचे दोन माइक,
एक स्नेअरला वीतभर जवळ, एक वीतभर लांब,
एकमेकांना खात होते.
बेरीज करायला गेलं की वजाबाकी.
आत बसून कसं कळणार?
आत प्रत्येक कानाला आपापला वाटा मिळत होता,
दोघंही खूश.

रात्रभर एक पट्टी केसाएवढी सरकवत राहिले.
किक मधोमध. स्नेअर मधोमध.
टॉम भिंतींवरून उतरवले,
हात पुरतील एवढ्यावर आणून ठेवले.
हाय-हॅट तेवढी राहू दिली थोडी उलट्या अंगाला.
डावखुरा आहे पोरगा, ते कशाला झाकायचं?
दर खेपेला उठून बोळात जायचं, दार लावायचं, ऐकायचं.
जिन्यावरचं कुत्रं पहिल्या चार वेळा उठलं,
मग नुसता एक कान उचलायला लागलं.

शुक्रवारी तोरिबिओ म्हणाला,
"लहान केलंस तू त्याला."
असेल.
मी खुर्ची दिली नाही,
बोट दाखवलं दाराकडं.

गेलाय बाहेर, बराच वेळ झाला.
भांडणासाठी शब्द जुळवत असेल,
नाहीतर पायानं ठेका धरून उभा असेल.
दार जाड आहे,
इकडून काही ऐकू येत नाही.